तात्यांचा पंप कुणाकडं आहे?

सावडण्याच्या दिवशी दुपारी, माणसं पांगल्यावर, एक गृहस्थ फाटक उघडून आत आले आणि सायकलचा हवा भरायचा पंप ओट्यावर ठेवून उभे राहिले. "तात्यांचा आहे. गणपतीपासून माझ्याकडंच राहिला होता," एवढंच म्हणाले, हात जोडले आणि निघून गेले. घरातलं कुणीच त्यांना ओळखत नव्हतं. संध्याकाळी एक शिडी आली. दुसऱ्या दिवशी मोठा पाना, वायरचं भेंडोळं, वाफ घ्यायचं यंत्र, दोन थर्मास आणि पंगतीत वाढायच्या चार बादल्या. बादल्यांवर तात्यांचं नाव कोरलेलं. चारपैकी दोनच बादल्या आमच्या होत्या हे आईला माहीत होतं, उरलेल्या दोन त्यांनी कधी घेतल्या हे तिलाही ठाऊक नव्हतं. तेराव्यापर्यंत ओट्याला भांडारघराची कळा आली.

माझे वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नीरा उजव्या कालव्याच्या काठानं सायकल हाणण्यात त्यांची नोकरी गेली आणि निवृत्तीनंतरची वीस वर्षं फलटणच्या गल्ल्यांतून. घरी ते जेवायला आणि झोपायला असत. असा माणूस जातो तेव्हा घरच्यांची एक विचित्र अडचण होते. लोक येऊन रडतात, काहीतरी सांगतात, आणि आपल्या लक्षात येतं की हे आपल्याला माहीतच नव्हतं. आपल्याकडं त्यांच्या आयुष्यातला एक घास, बाकीची पंगत बाहेर. सतत हिंडणाऱ्या, हात सैल असणाऱ्या माणसाची आठवण ठेवायची तर ती आधी गोळा करून आणावी लागते. ती कशी आणावी, आणल्यावर तिचं काय करावं, यात आमचं वर्ष गेलं. त्यातलं उपयोगी पडेल ते सांगते. आमच्या चुकांसकट.

पहिली गोष्ट म्हणजे एक साधी शंभर पानी वही आणि दोरीनं बांधलेलं पेन. ती तिसऱ्या दिवशीच ओट्यावर ठेवा. आम्ही पाचव्या दिवशी ठेवली आणि पहिल्या चार दिवसांतली माणसं हातची गेली, पंप आणून देणारे गृहस्थही त्यातच. ही वही येणाऱ्याच्या हाती मात्र देऊ नका. दिली तर तो 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं लिहून खाली सही करतो, कारण वही समोर आली की आपल्याकडं माणूस तेच लिहितो. घरातल्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला शेजारी बसवा. नाव, गाव, मोबाइल नंबर, ओळख कशी, आणि काही परत आणलं असेल तर काय. एवढे पाच रकाने पुरतात. त्या दिवसांत कुणाशी लांब बोलायची घरच्यांची ताकद नसते आणि ते बरोबरच आहे. बोलणं पुढं करायचं आहे, आत्ता फक्त पत्ते लागतात.

पुढं म्हणजे महिन्याभरानं. दिवाळी, लग्नसराई असं काही मध्ये आलं तर दोन महिन्यांनी. त्याहून जास्त लांबवू नका. वडिलांच्या वयाचे मित्र, नोकरीतले सोबती हेच जुन्या गोष्टींचे साक्षीदार असतात आणि दर थंडीत त्यांतला एखादा कमी होतो. म्हणून वहीतली नावं जवळच्या नात्यानं लावू नका, वयानं लावा. सर्वांत म्हातारा माणूस आधी.

आता विचारायचं काय? मी पहिल्या तीन घरी जाऊन "तात्या कसे होते हो?" असं विचारलं आणि तिन्ही ठिकाणी "देवमाणूस होता" हे उत्तर घेऊन चहा पिऊन परत आले. चौथ्या ठिकाणी, आसूच्या बाजूच्या एका शेतकऱ्याला, सहज विचारलं, "तुमची पहिली भेट कुठं झाली?" म्हातारा सावरून बसला. "चारीवर. माझी पाळी रात्री दोनची. बॅटरीचे सेल गेले होते आणि दारं कुठं फुटलंय ते दिसंना. तात्या सायकलवरनं आले. त्यांच्या बॅटरीतले सेल काढून माझ्या बॅटरीत घातले आणि आपण अंधारात सायकल ढकलत गेले. सकाळी सेल परत द्यायला गेलो तर म्हणाले, राहू दे, परवा परत तुझीच पाळी आहे." हे मला कुणी पन्नास वर्षांत सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रश्न बदलले. पहिल्यांदा कुठं भेटलात, शेवटचं कधी, तेव्हा त्यांच्या हातात काय होतं, कधी भांडण झालं का, त्यांनी तुम्हाला नाही म्हटलं असं काही आठवतं का. भांडणाचा प्रश्न जरूर विचारा. माणसं आधी बिचकतात, मग हसतात आणि त्यानंतर खरं बोलायला लागतात.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी परवानगी घ्या. पंखा आणि टीव्ही बंद करा, फोन बोलणाऱ्याच्या जवळ पालथा ठेवा म्हणजे तो त्याच्याकडं बघत बसत नाही. वीस मिनिटं पुष्कळ होतात. घरी पोचल्यावर नाही, तिथल्या तिथं फाईलला नाव द्या, तारीख, माणूस, गाव. माझ्याकडं 'नवीन रेकॉर्डिंग 14' अशा नावाची एक फाईल आहे. त्यातल्या बाईचा आवाज फार गोड आहे आणि ती कोण ते मला आजही सांगता येत नाही. शेवटी सगळं एका पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर, असं दोन जागी ठेवा.

याच काळात वर्तमानपत्राची बातमी द्यावी लागते. भावानं फोनवर मजकूर सांगितला आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं ते असं की 'मनमिळाऊ, परोपकारी व धार्मिक वृत्तीचे' आमचे वडील 'अल्पशा आजाराने' गेले. आडनावात एक अक्षर चुकलेलं. तात्या धार्मिक नव्हते. मंदिराच्या नळाला तोटी बसवायला जात, आत जात नसत. चूक छापणाऱ्याची एकट्याची नव्हती, आम्ही सांगितलंच तसं. तेव्हा बातमी द्यायची असेल, शोकसभेत बोलायचं असेल किंवा सोसायटीच्या फलकावर चार ओळी लिहायच्या असतील, तर आधी मनात येईल ते लिहून काढा आणि मग त्यातली विशेषणं खोडा. प्रत्येक खोडलेल्या शब्दाच्या जागी त्यांनी केलेली एक गोष्ट लिहा. 'परोपकारी' खोडून 'दर नोव्हेंबरात गल्लीतल्या पेन्शनरांना बँकेत नेऊन हयातीचा दाखला देऊन आणणारे' असं. जागा जास्त लागते हे खरं. मग 'त्यांच्या पश्चात' पासून पुढची नावांची रांग आखडती घ्या. सुनेचं माहेर कुणाला वाचायचं नसतं. शोकसभेला वक्ते तीनच ठेवा आणि त्यांतला एक नात्याबाहेरचा, एक वयानं लहान असू द्या. आमच्याकडं सावडायला जमलेल्या माणसांसमोर पुढारी बोलायला उभे राहतात आणि मयताचं नाव चिठ्ठीवर बघून घेतात. ते टाळता आलं तर टाळा, नाही आलं तर सोडून द्या. त्या दिवशी कुणी भांडू नये.

कागदपत्रांवर स्वतंत्र लेख होईल, इथं चार ओळी. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी, पुढं उशिराचं शुल्क आणि खेटे वाढत जातात. दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच घ्या. त्यांचं एटीएम कार्ड किंवा मोबाइलवरचं पैसे पाठवायचं अ‍ॅप, ते गेल्यावर वापरू नका, रक्कम घरचीच असली तरी. खात्याला नाव लावलेलं असलं तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीनं पैसे घेणारा. आणि सढळ हाताच्या माणसाच्या बाबतीत एक खास काम असतं ते विसरू नका. गावातल्या पतसंस्थांत आणि सोसायटीत जाऊन ते कुणाला जामीन आहेत का, हे विचारून या. असे लोक सही मागितली की देतात आणि घरी सांगत नाहीत. जामिनकीचं देणं वारसांपर्यंत पोचलं तरी ते त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच असतं, पण नोटीस यायच्या आधी कळलेलं बरं. तात्या तिघांना जामीन होते. तिघेही हप्ते भरताहेत.

याच्या उलट बाजूची गोष्ट म्हणजे उसनवारी. तात्यांच्या शर्टाच्या खिशातल्या डायरीत मागच्या पानांवर नावं होती आणि पुढं आकडे. काही आकड्यांवर आडवी रेघ, बऱ्याचवर नाही. तारखांवरून बघितलं तर निम्म्याहून अधिक पैसे कायद्यानं मागता येण्याची तीन वर्षांची मुदत कधीच उलटून गेली होती. भाऊ म्हणाला, फोन तरी करूया. आई म्हणाली, "जे आणून देतील ते घ्यायचं. आपण कुणाच्या दारात जायचं नाही." दोन माणसं आपणहून आली. मी पहिल्याला "अहो राहू द्या" म्हणायला गेले तर आईनं डोळ्यांनी गप्प केलं आणि पैसे मोजून घेतले. नंतर म्हणाली, त्याला मोकळं व्हायचं होतं, तू त्याला परत बांधून पाठवत होतीस. हे मी आता सगळ्यांना सांगते. परत आणलेली वस्तू, परत आणलेले पैसे घ्या. नको म्हणण्यात मोठेपणा आपला होतो आणि ओझं त्याच्याकडंच राहतं.

फोनचं म्हणाल तर घाई करू नका आणि फार उशीरही करू नका. बँकेची कामं संपेपर्यंत सिमकार्ड चालू ठेवावंच लागतं, कारण ओटीपी त्यावर येतात. रिचार्ज संपून काही महिने गेले की कंपनी तो नंबर दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग वडिलांच्या नावावर अनोळखी माणसाचा फोटो दिसतो. माझ्या मैत्रिणीला तसा तो दिसला आणि ती दिवसभर जेवली नाही. व्हॉट्सअ‍ॅप 120 दिवस वापरलं नाही तर खातं पुसलं जातं. गुगलचं खातं दोन वर्षं पडून राहिलं तर कंपनी ते काढून टाकू शकते, आणि हल्लीच्या आजोबांचे फोटो बहुतेक तिथंच असतात. तेव्हा पहिल्या महिन्यातच त्यांच्या आणि आपल्या गप्पा निर्यात करून घ्या, आवाजाच्या फितींसकट. "अगं, भेंडी घेतलीय, येताना आणू का?" असले सात सेकंदांचे निरोप आपण एरवी पुसून टाकतो. माझ्याकडं असे अकरा आहेत. मी ते रोज ऐकत नाही. आहेत एवढं माहीत असलं की पुरतं.

जुने छापील फोटो कुणाला लॅमिनेट करू देऊ नका, आणि चिकट पानांच्या अल्बमातून काढता येतील तेवढे काढा. मागं शाईच्या पेननं लिहू नका, मऊ शिसपेन्सिलीनं नावं लिहा. नावं आई, आत्या, काका यांना आत्ता विचारून लिहा. खात्याच्या सहलीच्या एका फोटोतली अठरा माणसं आईला चेहऱ्यानं ओळखता आली, नावं सहाचीच सांगता आली.

कपड्यांबद्दल प्रत्येक घरी वाद होतो. कुणाला लगेच द्यायचे असतात, कुणाला कपाट उघडायचंच नसतं. माझं मत असं की निर्णय जोडीदाराचा, मुलांचा नाही, आणि त्याला तारीख लावू नये. वापरातल्या वस्तू मात्र बांधून ठेवू नका. हातरुमाल, कंगवा, जुना चष्मा हे काचेच्या पेटीत ठेवण्याइतके थोर आपण कुणी नसतो. तात्यांचा चष्मा चष्मेवाल्याला दिला, त्यानं नंबर काढून बसस्टँडवरच्या चांभारदादांना बसवून दिला. सायकल माझा भाचा चालवतो. त्यानं तिला निळा रंग दिला तेव्हा मला राग आला होता. पण रंग देताना त्यानं जुना गंज काढला, चेन बदलली, आणि तात्यांनी शेवटची दोन वर्षं ती तशीच कुरकुरत चालवली होती हे आम्हाला तेव्हा कळलं.

नातवंडांशी बोलताना शब्द जपून वापरा. माझा मुलगा सहा वर्षांचा. त्याला कुणीतरी सांगितलं, आबा झोपलेत. पुढचे दहा दिवस तो झोपायला तयार नव्हता. दुसऱ्या कुणी सांगितलं, देवाघरी गेले, तर त्यानं विचारलं की पंढरपूरला का, मग गाडी का नाही केली. या वयाची मुलं शब्दाचा अर्थ सरळ घेतात. त्यांना 'आबा मेले' हे सांगावं लागतं. त्यांचं हृदय थांबलं, आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, ते परत येणार नाहीत. हे सांगताना आपला आवाज फुटला तर फुटू द्या, मुलाला त्याची भीती वाटत नाही. लपवालपवीची वाटते. आणि दर चार दिवसांनी तोच प्रश्न परत येईल. तेच उत्तर परत द्यायचं.

थोडी मोठी नातवंडं असतील तर त्यांच्या हातात फोटो देण्याऐवजी काम द्या. आमच्याकडं ते आपसूक झालं. तात्या दसऱ्यानंतर गेले आणि पंधरवड्यानं नोव्हेंबर लागला. एक तारखेला सकाळी नऊ वाजता गल्लीतल्या तीन आज्या आणि एक आजोबा पिशव्या घेऊन ओट्यावर येऊन बसले. त्यांना तात्या गेलेले माहीत होते, तेराव्याला जेवूनही गेले होते. तरी आले, कारण दरवर्षी या दिवशी या वेळी ते येऊन बसत आणि तात्या रिक्षा बोलावत. "आता काय करायचं गं?" असं एका आजीनं आईला विचारलं आणि आई पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडली.

माझी भाची बारावीत. तिनं फोन काढला. पेन्शनरांना हयातीचा दाखला मोबाइलवरून देण्याची 'जीवन प्रमाण' ही सोय 2014 पासून आहे आणि आता त्यात चेहरा दाखवून काम होतं, बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांना त्याचा मोठा फायदा. आधार क्रमांक, पेन्शनचा पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक आणि ओटीपी येईल असा एक मोबाइल, एवढं जवळ लागतं. 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन अ‍ॅपं टाकावी लागतात. तोंडावर उजेड पाहिजे आणि डोळ्यांची उघडझाप करावी लागते. पहिल्या आजीला उघडझाप जमेना, ती एकदम दोन्ही डोळे घट्ट मिटून बसे. भाचीनं तिच्यासमोर बसून आपण उघडझाप करून दाखवली आणि चौथ्या खेपेला झालं. तिघींचं तासाभरात आटोपलं. आजोबांचा मात्र मोबाइलवर विश्वास नव्हता, त्यांना बँकेत नेऊन कागदावर सही करून आणलं. महिनाअखेर ओट्यावर तेवीस जण येऊन गेले. तुमच्या वडिलांचं असं एखादं काम असेलच. कुणाची औषधं आणणं असेल, एखाद्या मुलाची परीक्षेची फी असेल, गणपतीचा मांडव असेल. सगळी कामं चालवायला जाऊ नका, ते त्यांनाच जमत होतं. ज्याची तारीख ठरलेली आहे असं एकच निवडा, आणि ते नातवंडाला त्याच्या पद्धतीनं करू द्या.

पैसे खर्च करून काही करायचं असेल तर दोन-तीन गोष्टी अनुभवाच्या आहेत. मी ज्या शाळेत शिकले तिथं दर स्नेहसंमेलनात एक पारितोषिक जाहीर होतं, रुपये एक्कावन्न फक्त. चाळीसेक वर्षांपूर्वी कुण्या मुलानं वडिलांच्या नावे ठेव ठेवली होती, तेव्हा एक्कावन्न रुपयांत कंपासपेटी आणि वह्या येत. आता नाव पुकारलं की पोरं हसतात, आणि ज्याच्या नावानं हसतात त्याचा काही दोष नसतो. पाच हजारांच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी सव्वातीनशे रुपये येतात आणि ते दरवर्षी आणखी किरकोळ होत जातात. ठेव ठेवण्यापेक्षा दहा वर्षं दरवर्षी जाऊन वस्तू द्या, आणि दहा वर्षांनी थांबा. थांबण्यात कमीपणा नाही. वाचनालयाला पुस्तकं द्यायची तर आधी यादी पाठवून त्यांना काय हवं ते विचारा, पोतं नेऊन टाकू नका.

रक्तदान शिबिर हा आपल्याकडचा आवडता मार्ग आहे आणि चांगला आहे, पण दिवस निवडताना रक्तपेढीला विचारा. रक्त साधारण 35 ते 42 दिवसच टिकतं. एखाद्या जयंतीच्या आठवड्यात गावात चार शिबिरं होतात आणि एप्रिल-मे महिन्यांत कॉलेजं बंद असली की पेढी रिकामी. पुण्यतिथीलाच हवं असा हट्ट नसेल तर मे महिन्यात घ्या. दाता 18 ते 65 वयाचा, वजन किमान 45 किलो, आणि आधीच्या रक्तदानाला पुरुषांत तीन महिने, बायकांत चार महिने झालेले हवेत. नावाचा फ्लेक्स रक्तदात्यांच्या डोक्यावर लावू नका, माणसं सुईला नाही तेवढी त्या फ्लेक्सला दबतात.

'प्रतिष्ठान' काढू नका असंच मी सांगेन. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या 1950 च्या कायद्याखाली नोंदणी, दरवर्षी हिशेब तपासून देणं, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. दोन वर्षांनी भावाभावांत बोलणं उरतं ते फक्त त्या हिशेबाचं. झाड लावायचं असेल तर पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार ते आधी ठरवा आणि मगच खड्डा घ्या.

आता जे सांगायचं ते सगळ्यांत अवघड. दिलदार माणसाची आठवण काढताना बहुधा एक माणूस त्यातून सुटतो, तो म्हणजे त्यांची बायको. वहीत आमच्याकडं जवळजवळ दीडशे नावं जमली आणि संक्रांतीपर्यंत मी त्यांतल्या तीसेक जणांशी बोलले. आईशी एकदाही नाही. ती तर घरातच होती. तिळगूळ करताना तिला सहज विचारलं, तात्यांनी तुला न विचारता कुणाला काय दिलं ते आठवतं का? ती हातातली गोळी खाली ठेवून म्हणाली, "मिक्सर." शेजारच्या मुलीच्या लग्नात नवऱ्याकडच्यांनी मिक्सर मागितला आणि मुलीचा बाप तात्यांपाशी येऊन बसला. तात्यांनी आतून आमचा, दोन महिन्यांचा, खोक्यासकट उचलून दिला. आई त्या वेळी बाजारात होती. पुढचे चार महिने तिनं पाट्यावर वाटलं. त्यात माझी दहावी होती, भावाला कावीळ झाली होती आणि तात्यांकडं पाहुणे येत होते. हे सांगताना ती आधी हसली. मग म्हणाली, "दिलं त्याचं नाही गं. मला विचारलं असतं तर मीही दिलाच असता. मग लोक म्हणाले असते, दोघांनी दिला."

त्या एका वाक्यानं माझी सगळी वही मला परत वाचावी लागली. रात्री-अपरात्री आणलेल्या माणसांना भाकरी कुणी टाकली? थर्मासात चहा कुणी भरला? रेव्हरंड टिळकांच्या घरची गोष्टही अशीच. ते 1919 साली गेले आणि त्यांचं चरित्र लिहायचं म्हणून मुलगा देवदत्त यांनी आईला, लक्ष्मीबाईंना, आठवणी लिहायला लावलं. त्यातून 1934 पासून 'स्मृतिचित्रे' आलं. लोक ते टिळकांसाठी उघडतात आणि लक्ष्मीबाईंसाठी वाचत राहतात. टिळकांचा उदारपणा आणि त्यापायी घरात उडणारी तारांबळ, दोन्ही तिथं एकाच नजरेनं दिसतात, आणि टिळक त्यामुळं लहान होत नाहीत. तेव्हा आईला विचारा. पहिल्या तीन महिन्यांत नाही, तेव्हा तीही 'देवमाणूस' असंच म्हणेल. कामाला हात लागलेले असताना विचारा, समोर फोन ठेवून मुलाखत घेतल्यासारखं नको. तिच्या तक्रारी जशाच्या तशा लिहून घ्या आणि मध्ये तात्यांची बाजू मांडू नका. आमच्या वहीत आता बादल्यांच्या पुढं 'यात वाढलेला भात आईनं शिजवला' असं भाचीच्या अक्षरात लिहिलेलं आहे.

दुःखाचे पाच टप्पे असतात, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 साली ते मांडले ते मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून, मागं राहिलेल्यांसाठी नव्हे. आपण कितव्या टप्प्यावर आहोत हे मोजत बसू नका. पहिली दिवाळी जड जाते हे सगळे सांगतात. मला दिवाळी सोपी गेली, जड गेला तो पाडव्यानंतरचा एक साधा मंगळवार, नळाला पाणी आलं आणि हाक मारायला कुणी नव्हतं तो. मात्र सहा महिने उलटून गेल्यावरही घरातलं कुणी जेवत-झोपत नसेल, कामावर जाऊ शकत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर त्याला 'वेळ हेच औषध' ऐकवू नका, डॉक्टरकडं न्या. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस'चा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीतून बोलता येतं.

वर्षश्राद्ध तिथीनं करायचं की तारखेनं, यावर आमच्याकडं दोन मतं पडली. तिथीला आई आणि भाऊ विधी करणार, तारखेला वहीतल्या माणसांना चहाला बोलवायचं, असं ठरलंय. भाषणं नाहीत. ओट्यावरच्या वस्तू मांडून ठेवायच्या, ज्याला जी लागेल ती त्यानं न्यायची.

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते. तात्या त्या दिवशी ओट्यावर तीन एक्स्टेंशन बोर्ड लावून बसत आणि वारकऱ्यांचे मोबाइल चार्ज करून देत. यंदा भाच्यानं बोर्ड लावले. त्यातला एक चालेना, कुठलं बटण उलटं आहे ते तात्यांनाच माहीत होतं. दुपारी परभणीकडचे एक माळकरी आले, इकडं-तिकडं बघितलं आणि म्हणाले, "म्हातारबा कुठं गेले?" भाच्यानं सांगितलं. ते थोडा वेळ पायरीवर टेकले, पाणी प्यायले. उठताना ओशाळून म्हणाले, "गेल्या साली माझा चार्जर त्यांच्यापाशी राहिला होता. असंल का?"

आईनं तात्यांच्या टेबलाचा खालचा खण उघडायला सांगितलं. तो आम्ही वर्षभरात उघडला नव्हता, त्यात विजेची बिलं असतात असा समज होता. आत नऊ चार्जर होते. प्रत्येकाची वायर गुंडाळून रबर लावलेलं आणि रबरात पाटाच्या नोंदवहीतून फाडलेला कागदाचा कपटा, दिंडी रथापुढची की मागची, नंबर, गाव. कालवा निरीक्षकाचं बारीक, उजवीकडं झुकलेलं अक्षर. परभणीचा चौथा निघाला. बाकीचे आठ भाच्यानं पिशवीत घातले आणि संध्याकाळी तो निळ्या सायकलवरून तळावर दिंड्या शोधत गेला.